होळीला आम्ही जुन्या नाशकातच का जातो?

‘तुमच्या सोसायटीतही होळी पेटते, मग दर वर्षी गर्दीतून वाट काढत जुन्या नाशकात कशाला जाता?’ हा प्रश्न फाल्गुन लागला की शेजारीपाजारी, नातेवाईक आणि अलीकडे घरातली तरुण मंडळीही विचारतात. तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर सांगते.

सोसायटीत वर्गणी दिली की आपला संबंध संपतो; लाकूड कुणीतरी मागवते, रचणारा माणूस पैसे घेऊन रचतो आणि आपण खाली उतरून हात जोडतो. गल्लीच्या होळीत मात्र घराघरातून काही ना काही गेलेले असते. कुणी दोन-चार गोवऱ्या आणतो, कुणी मोडक्या खाटेचा पाय, तर कुणी माळ्यावर वर्षानुवर्षे पडून असलेली फळी. मधोमध एरंडाची फांदी उभी करून तिच्याभोवती हे सारे रचताना जी बोलाचाली, मस्करी आणि थोडीफार भांडणेही होतात, त्यांत ज्यांच्याशी वर्षभर बोलणे झालेले नसते त्यांच्याशीही आपोआप बोलणे होते, आणि मी जाते ती मुख्यतः त्यासाठीच.

संध्याकाळी बायका पूजेला येतात. पुरणपोळीचा नैवेद्य दाखवून होळीत घातला जातो, नारळ अर्पण होतो, तांब्यातल्या पाण्याची धार धरून प्रदक्षिणा होते आणि ज्वाळा वर चढल्या की बोंब सुरू होते. लहान मुलांना छळणाऱ्या ढुंढा राक्षसीला आरडाओरड करून पळवून लावल्याची कथा पुराणात आहे, म्हणून या बोंबेला त्या दिवशी कुणी नावे ठेवत नाही. एरवी मोठ्याने न बोलणाऱ्या आजीबाईही तोंडावर हात नेऊन ओरडतात, आणि त्यांना तसे ओरडताना पाहून मला फार आनंद होतो.

मुलांचे लक्ष मात्र हारकड्यांवर असते. साखरेचा घट्ट पाक दोरा ठेवलेल्या लाकडी साच्यांत ओतून त्याचे हार आणि कडी करतात; पाक थिजला की साचा उघडून अख्खी माळ दोऱ्यासकट अलगद बाहेर काढावी लागते आणि कारागिराचा हात जरा हलला तर पदके तुटतात. ज्या बाळाची पहिली होळी असते त्याच्या गळ्यात हार आणि हातात कडे घालून त्याला होळीपाशी आणतात. धगीमुळे ते डोळे किलकिले करते, साखर चाटायला लागते, आणि आजूबाजूच्या अनोळखी बायकाही त्याचे नाव विचारून त्याच्या गालावरून हात फिरवतात.

दुसऱ्या दिवशी धुळवडीला वीर, म्हणजे घराण्यात पूजले जाणारे पराक्रमी पूर्वज, मिरवणुकीने निघतात, आणि नाशिकच्या होळीचे खरे वेगळेपण मला त्यातच दिसते. देव्हाऱ्यातला वीराचा टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उठवलेली छोटी प्रतिमा, खोबऱ्याच्या वाटीत ठेवून, वाजतगाजत गोदाकाठी नेऊन त्याला स्नान घालतात आणि मग होळीभोवती नाचवतात. पुष्कळ घरांत हा मान लहान मुलाला दिला जातो आणि त्याला त्यासाठी सजवले जाते. नवरदेवासारखे बाशिंग बांधून मिरवणुकीत निघणाऱ्या दाजीबा वीराच्या दर्शनासाठी तर दारोदारी लोक ताटकळत उभे असतात. आदल्या रात्रीची होळी ज्यांनी पाहिली नाही त्यांना हा सोहळा नुसती मिरवणूक वाटतो, म्हणून मी पाहुण्यांना दोन्ही दिवस यायला सांगते.

लाकूड जाळावे का, असेही तुम्ही विचारता. हिरवे झाड किंवा जिवंत फांदी तोडून होळी करणे मला अजिबात मान्य नाही. एका आळीत दहा होळ्या पेटवण्यापेक्षा सगळ्यांची मिळून एकच असावी, तीही गोवऱ्यांची आणि बेताच्या उंचीची; प्लास्टिक किंवा टायर कुणी टाकू लागला तर त्याला तिथेच, न संकोचता थांबवावे.

यायचे असेल तर दिवस मावळायच्या आधी या, कारण रचण्यात हात लावायला मिळाला पाहिजे. सुती कपडे घाला आणि गाडी लांबच लावा, गल्ल्या अरुंद आहेत. येताना आपल्या घरच्या गोवऱ्या किंवा वाळलेले लाकूड घेऊन या. पुरणपोळीचे आमच्याकडे पाहू.