बारा अंडी, सहा, आणि मग दोन

परवा मिरजेच्या मैत्रिणीचा फोन आला, पुढच्या महिन्यात आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार, सुरू करतोय, नेमकं काय काय होतं गं? अर्धा तास बोलले तरी निम्मं राहिलंच, म्हणून इथे लिहितेय.

आधी नवऱ्याची तपासणी करा बाई. आमची दोन वर्षं नुसती माझ्या सोनोग्राफ्या आणि गोळ्यांत गेली, ह्यांचा सीमेन रिपोर्ट कुणी मागितलाच नाही, शेवटी काढला तर शुक्राणूंचा काउंट खूपच कमी. त्या दोन वर्षांचं मला अजून वाईट वाटतं, कारण पस्तिशीनंतर एकेक वर्ष मोलाचं असतं.

अंडी वाढवायची इंजेक्शनं पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारण 10-12 दिवस, रोज ठरलेल्या वेळी. आमचं इंजेक्शनचं पेन फ्रिजच्या दारात, विरजणाच्या वाटीशेजारी. रात्री आठला हे माझ्या पोटाची चिमट धरून टोचायचे, पहिल्या दिवशी त्यांचाच हात थरथरत होता. मधेमधे सोनोग्राफी. ट्रिगरचं, म्हणजे अंडी पिकवायचं शेवटचं इंजेक्शन मात्र गजर लावूनच घ्यायचं, कारण त्यानंतर 34 ते 36 तासांनी अंडी काढतात, वेळ चुकली की सगळं चुकलं. काढताना भूल देतात, नंतर पोट थोडं फुगतं. पण खूप फुगलं, दम लागला, लघवी कमी झाली तर सकाळची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटलला फोन करा.

आता जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते. माझी 12 अंडी निघाली, सासूबाई म्हणाल्या, बारा म्हणजे चिक्कार झाली की! त्यातली पिकलेली 9, काउंट कमी म्हणून इक्सी केलं, म्हणजे एकेका अंड्यात एकेक शुक्राणू सुईने सोडतात, दुसऱ्या दिवशी लॅबचा फोन आला, 6 फलित झाली. पाचव्या दिवशी उरले 2 गर्भ. विश्रामबागेत रस्त्याकडेला गाडी लावून मी रडले, मला वाटलं माझंच काहीतरी बिघडलंय. अगं, ही गळती जवळजवळ सगळ्यांचीच होते! हे कुणीतरी आधी बोललं असतं तर तो दिवस इतका जड गेला नसता.

गर्भ गर्भाशयात सोडायला पाच-दहा मिनिटं लागतात, बहुतेक वेळा भूल पण लागत नाही. नंतर पंधरा दिवस झोपून राहायची गरज नसते, त्याने काही फायदा होत नाही, मी तिसऱ्या दिवशी शाळेत शिकवायला गेले. दोन आठवड्यांनी रक्त तपासलं, बीटा एचसीजी निगेटिव्ह, म्हणजे दिवस राहिले नव्हते. ह्यांनी त्या दिवशी न बोलता भात टाकला आणि माझं ताट वाढून आणलं.

पैशांचं म्हणाल तर पॅकेजमध्ये औषधं आणि गर्भ फ्रीज करून ठेवायचा खर्च धरलाय का ते लेखी घ्या, आमच्या पॉलिसीतून एक रुपया मिळाला नाही.

दुसरा गर्भ लॅबमध्ये आहे, द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांत. दिवाळीची सुट्टी लागली की जायचं ठरलंय.