सुटका झाली, पण दाखल्याचं काय?

गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात द्राक्षाच्या हंगामात पेठ-हरसूलकडची माणसं सकाळी उभी राहतात, रोज ठरतो, काम होतं, पैसे मिळतात. ही मजुरी कमी असेल, कष्टाची असेल, पण माणूस उद्या दुसऱ्या बागेत जाऊ शकतो. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेल्या माणसाला तसं जाता येत नाही. पावसाळ्यात घरातला दाणा संपला की मजूर पुरवणारा मुकादम पाड्यावर येतो, रोख पैसे ठेवतो आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर नाहीतर ऊसतोडीला यायचं ठरवून जातो. त्यानंतर हिशेब त्याच्या वहीत. आठवड्याची खर्ची मिळते, तीही उचलीत चढते. तापाने पडलेले दिवस खाडे म्हणून कापले जातात. हंगाम संपताना कळतं की अजून फिटलेलं नाही, पुढच्या वर्षीही यावं लागेल. हीच वेठबिगारी.

सप्टेंबर 2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं थोड्याशा पैशांवर आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढ्या राखायला पाठवली गेल्याचं उघड झालं, तेही एका मुलीच्या मृत्यूनंतर. नाशिकमध्ये आदिवासी विकास आयुक्तालय आहे, कातकरी ही राज्यातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक आहे, आणि तरी बातमी व्हायला मृत्यूच लागला. त्या वेळी बराच संताप व्यक्त झाला. संताप ठीक आहे. पण अशा प्रकरणांत नेमकं काय करायचं असतं, हे कार्यकर्त्यांपैकीही फार थोड्यांना नीट माहीत असतं.

वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा 1976 चा, पण तो 25 ऑक्टोबर 1975 पासून लागू आहे. चार श्रमसंहितांनी 29 जुने कामगार कायदे पोटात घेतले, हा मात्र बाहेर राहिला. वेठबिगारी ठरायला आगाऊ रकमेच्या बदल्यात चारपैकी एक गोष्ट घडली तरी पुरे: मजुरी नाही किंवा नावापुरती आहे, दुसरीकडे काम करता येत नाही, मनाला येईल तिकडे जाता येत नाही, किंवा आपला माल बाजारभावाने विकता येत नाही. साखळदंड, कोंडवाडा, मारहाण यांची गरज नाही. किमान वेतनापेक्षा कमी दिलं तर तीही सक्तीची मजुरी, असं सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच सांगितलंय. कलम 15 तर उलटं आहे. कर्ज वेठबिगारीचं नाही हे मालकाने सिद्ध करायचं, मजुराने नव्हे.

मग प्रकरणं बसतात कुठे? बहुतेक वेळा जबाबात. मालक शेजारी उभा, तलाठी-पोलीस समोर, आणि प्रश्न काय, तर ‘खुशीने आलात का?’ कोण नाही म्हणेल? ‘स्वखुशीने काम करतात’ एवढं लिहिलं की फाइल मिटते. म्हणून पहिली मागणी ही की जबाब भट्टीपासून दूर, नवरा-बायकोचे वेगवेगळे आणि त्यांच्या बोलीत व्हावेत. विचारायचं ते असं: उद्या सामान उचलून गावी जायचं म्हटलं तर जाता येईल का? मागे कुणी गेला तेव्हा काय झालं? उचल कधी, कुणाच्या हातून, कशासाठी घेतली? वही कुणाकडे आहे? लग्नासाठी घेतली का? मुलं कामाला लागतात का, किती वाजता?

यानंतर आकडे. वीटभट्टीचा दर हजार विटांवर असतो आणि हिशेब एकट्या पुरुषाच्या नावाने. समजा हजाराला 700 रुपये, आणि हजार विटांना नवरा, बायको आणि एक पोरगा असे तिघे खपले, तर माणशी 233 रुपये पडले, तेही पहाटेपासून अंधार पडेपर्यंतच्या दिवसाचे आणि कपातीआधी. हा आकडा त्या उद्योगाच्या चालू किमान वेतनाशेजारी लिहून अर्जाला जोडला की ‘नावापुरती मजुरी’वर वाद उरत नाही. ऊसतोडीत कोयता म्हणजे जोडपं, तिथेही दोघांची मजुरी वेगळी मांडावी. मुकादमाच्या वहीच्या पानाचा फोटो, फोनवरून आलेले पैसे, किराणा दुकानाची उधारी हे सगळं त्याच दिवशी गोळा करावं. दुसऱ्या दिवशी वही सापडत नाही.

अर्ज ज्या ठिकाणी काम चाललंय तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे जातो, मजुराच्या गावच्या नव्हे. सुरगाण्याचं कुटुंब भिवंडीच्या भट्टीवर असेल, तर मुक्तीचा दाखला, म्हणजे वेठबिगारीतून सुटल्याचं सरकारी प्रमाणपत्र, ठाणे जिल्ह्यात निघायला हवा. ही चूक वारंवार होते. लोकांना गाडीत घालून गावी आणलं जातं, सत्कार होतो, आणि मग दाखला कोण देणार यावर दोन जिल्ह्यांची पत्रं फिरत राहतात.

मुक्तीचा दाखला प्रत्येक माणसाचा स्वतंत्र घ्यावा, कुटुंबप्रमुखाच्या नावाने एकच नव्हे. बायको आणि मुलं त्यातून सुटली की त्यांची मदतही सुटते. केंद्राच्या 2016 च्या पुनर्वसन योजनेत पुरुषाला 1 लाख, स्त्रिया आणि मुलांना 2 लाख, आणि लैंगिक शोषण किंवा तस्करीसारख्या टोकाच्या प्रकरणात 3 लाख रुपये आहेत. तातडीची मदत आधी 20 हजार होती, 2022 पासून ती 30 हजारांपर्यंत आहे. त्यासाठी जिल्ह्यात किमान 10 लाखांचा कायम निधी ठेवायचा असतो. तो आपल्या जिल्ह्यात भरलेला आहे का, हा माहिती अधिकारात विचारण्यासारखा पहिला प्रश्न. पोलिसांचं ‘सुटका केली’ एवढंच पत्र म्हणजे दाखला नाही. त्यावर ना पैसे मिळतात ना कर्ज बुडतं.

कर्ज बुडतं म्हणजे खरंच बुडतं. कलम 6 प्रमाणे उचल संपते, आणि कलम 9 प्रमाणे ती नंतर वसूल करणं हाच गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. तरीही चौकीत ‘अर्धे तरी देऊन टाका, मिटवा’ असा तोडगा निघतो. त्या तोडग्यावर मजुराने सही करू नये. मजूर अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर अॅट्रॉसिटी कायद्याचं वेठबिगारीबद्दलचं कलम 3(1)(h) एफआयआरमध्ये यायलाच हवं, कारण मूळ कायद्यातला गुन्हा जामीनपात्र आहे आणि दंड आजही फक्त 2 हजार.

पाकिस्तानातल्या वीटभट्ट्यांवर याच उचलीला पेशगी म्हणतात. तिथेही मजुरांच्या तारेवरून सर्वोच्च न्यायालय हललं आणि 1992 मध्ये आपल्यासारखाच कायदा आला. नेपाळने 17 जुलै 2000 रोजी कमैया, म्हणजे जमीनदारांकडे कर्जापोटी राबणारे वेठबिगार, मुक्त जाहीर केले. जमीनदारांनी त्यांना घराबाहेर काढलं आणि ऐन पावसाळ्यात हजारो कुटुंबं ताडपत्रीच्या छावण्यांत आली, कारण घोषणा झाली होती, जमीन दिली गेली नव्हती. आपल्याकडची बहुतेक ‘सुटका’ याच जातीची असते. तातडीची रक्कम हातात नाही, रेशनकार्ड नाही, आधार नाही म्हणून बँकखातं नाही, खातं नाही म्हणून उरलेली मदत अडलेली. जून उजाडला की तोच मुकादम पुन्हा पाड्यावर येतो.

म्हणून दाखल्यासोबत त्याच आठवड्यात आधार, खातं, जातीचा दाखला आणि जॉबकार्ड यांचे अर्ज एकत्र टाकावेत. कातकरी असतील तर आदिम जमातींसाठीच्या पीएम-जनमन या केंद्राच्या योजनेतून घराचाही. दाखल्याच्या तारखेपासूनच जिल्ह्याच्या दक्षता समितीकडे लेखी विचारणा सुरू ठेवावी. समितीत सामाजिक कार्यकर्ते आणि अनुसूचित जाती-जमातीचे सदस्य असतात, त्यांची नावं कार्यालयातून मागून घ्यावीत. दंडाधिकाऱ्यासमोरचा खटला रखडला तरी प्रथमदर्शनी वेठबिगारी आढळली असेल, तर मदतीचा प्रस्ताव थांबवता येत नाही. कारकुनाने ‘निकाल लागू दे’ म्हटलं, तर त्याला योजनेतली ही तरतूद दाखवावी आणि उत्तर लेखी मागावं.