हॅनोवरचा खंड्या

खंड्या घरी आला त्या आठवड्यात माझा उजवा खांदा असा भरून आला, की वेणी घालायला हात वर जाईना. १४ महिन्यांचं, २२ किलोचं कुत्रं. दार उघडायचा अवकाश, दोन जिने एका दमात खाली, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मी. साताऱ्याला फोन केला तर आई म्हणाली, "अगं, खोंड पहिल्यांदा औताला धरला की असाच ओढ घेतो. तो वाईट नसतो, त्याला काम ठाऊक नसतं." आईचं माहेर खटाव तालुक्यातलं, दावणीला बैल असलेलं, त्यामुळं ती हे सहज बोलून गेली. मला मात्र ते उमगायला चार महिने लागले.

कुत्रं आणल्याचं कळल्यावर गावाकडून सगळ्यांनी एकच विचारलं: तिकडं तर रस्त्यावर कुत्री नसतात, मग आणलं कुठनं? इथं जर्मनीत गावोगावी 'टीअरहाइम' असतं, म्हणजे प्राण्यांचं घर. मालक आजारी पडला, नवरा-बायको वेगळे झाले, नव्या घरमालकानं नाही म्हटलं, की कुत्री तिथं येऊन पडतात. रुमेनियासारख्या देशांतून रस्त्यावरची कुत्री इकडं आणणाऱ्या संस्थाही बऱ्याच आहेत. खंड्या तसाच आलेला. अर्धं तोंड काळं, अर्धं पांढरं, एक कान उभा, एक मोडलेला, आणि अंगात कुठंतरी बॉर्डर कोली या मेंढ्या वळवणाऱ्या जातीचं रक्त. एका कुटुंबानं त्याला नेऊन सहा आठवड्यांत परत आणून सोडलं होतं. पिंजऱ्यावरच्या कार्डावर लिहिलेलं: 'फार उत्साही, शिकवण हवी'. तिथल्या बाईंनी आमच्यापासून काही लपवलं नाही. म्हणाल्या, "चावरा नाही हा. पण थांबायचं कसं, ते याला कुणी शिकवलेलंच नाही."

आवडला म्हणून लगेच हातात देत नाहीत. चार वेळा जाऊन त्याला फिरवून आणलं, घरमालकाचं लेखी पत्र दिलं, मग त्या बाई घर बघून गेल्या. आमच्या नीडरझाक्सन राज्यात २०१३पासून नवख्या कुत्रेमालकाला परीक्षाही द्यावी लागते. लेखी परीक्षा कुत्रं आणायच्या आधी, प्रात्यक्षिक पहिल्या वर्षाच्या आत. शिवाय कुत्र्याच्या कातडीखाली चिप, त्यानं कुणाचं नुकसान केलं तर भरपाईसाठी सक्तीचा विमा, आणि महापालिकेचा कुत्र्यावरचा कर. साताऱ्यातल्या माझ्या दादाला हे सगळं अती वाटलं. मला त्या परीक्षेचं मोल पुढं कळलं, ते खाली येईलच.

नाव बदलायचं आधीच ठरलं होतं. कृष्णा आणि वेण्णा जिथं मिळतात त्या संगम माहुलीला, साताऱ्याच्या थोरल्या छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांना सावध केलं, असं सांगतात. लहानपणी दर श्रावणात आम्ही माहुलीला जायचो, आणि देवळांइतकीच मला त्या दगडातल्या कुत्र्याची ओढ असायची. तेव्हापासून मनात होतं, आपल्या घरी कुत्रं आलं तर ते खंड्याच.

पहिले चार महिने आम्ही मनापासून चुकलो. अंगात एवढी रग आहे, तर दमवू या, म्हणून आइलनरीडं या इथल्या शहरातल्या जंगलात रोज दोन-दोन तास, वर लांब दोरीवर चेंडू फेकणं, पन्नास-पन्नास वेळा. संध्याकाळी तो आणखीनच पिसाळल्यासारखा करायचा. सदऱ्याच्या बाह्या धरून ओढायचा, सोफ्याभोवती गोल गोल पळायचा. लेकीच्या मैत्रिणी अंगणात सायकली चालवायला लागल्या, की त्यांना घेरून एका कोपऱ्यात गोळा करायचा आणि टाचांना हलकेच तोंड लावायचा. मुली घाबरून रडल्या. त्या रात्री नवरा आणि मी बराच वेळ गप्प बसलो होतो. 'परत देऊ या का' हे शब्द दोघांच्याही मनात होते, काढले कुणीच नाहीत.

कुत्र्यांच्या शाळेतल्या शिक्षिकेनं आमचं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हा झोपतो किती?" आम्ही कधी मोजलंच नव्हतं. तरण्या कुत्र्याला दिवसाचे सतरा-अठरा तास विश्रांती लागते. आमचा जेमतेम दहा-अकरा तास झोपत होता. चेंडूमागं धावून तो दमत नव्हता, चेकाळत होता, आणि रोज थोडा जास्त पळायला तयार होत होता. त्यांनी चेंडू बंद करायला लावला. त्याऐवजी त्याचं कोरडं खाणं गवतात उधळायचं आणि नाकानं शोधू द्यायचं. पंधरा मिनिटं तसं हुंगलं, की खंड्या घरी येऊन आपल्या चटईवर आडवा व्हायचा. पहिल्यांदा तो भर दुपारी घोरला, तेव्हा आम्ही स्वयंपाकघरात कुजबुजत बोलत होतो.

सायकलींचा उलगडाही तिथंच झाला. आपल्याकडं दिवाळीनंतर माण-फलटणकडचे धनगर कोकणात उतरतात, तेव्हा त्यांच्याबरोबरची कुत्री आपण पाहिलेली असतात. ती राखण करतात. लांडग्यापासून मान वाचावी म्हणून त्यांच्या गळ्यात बाहेरच्या बाजूला काटे असलेला लोखंडी पट्टा असतो. बॉर्डर कोलीचं काम वेगळं. तो अंग जमिनीसरसं करून, नुसत्या नजरेनं मेंढ्या वळवतो. खंड्याला मेंढ्या मिळाल्या नाहीत, म्हणून त्यानं मुली वळवल्या. पट्ट्यावरून आठवलं. दादानं मला आतल्या बाजूला काटे असलेला पट्टा वापरायला सुचवलं होतं. जर्मनीत शिकवताना तो वापरायला २०२२पासून बंदी आहे, आणि बंदी नसती तरी मी तो घातला नसता. ज्या माणसाजवळ गेलं की मान दुखते, त्या माणसाजवळ कुठलं जनावर आपण होऊन येईल?

मे महिन्यात आई तीन महिन्यांसाठी आली. ती ६६ वर्षांची, गळ्यात तुळशीची माळ, कुत्र्याच्या मागं तूप घेऊन धावणाऱ्या नामदेवांवर श्रद्धा असलेली. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं, त्यातली बहुतेक पहिलीच्या वर्गावर. दोन दिवस तिनं नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "या लेकराला चार जण चार भाषांत शिकवताय तुम्ही." खरंच होतं. मी 'खाली बस' म्हणायचे, नवरा जर्मनमध्ये 'सिट्स', लेक 'बस ना रे', आणि कुत्र्यांच्या शाळेत शिकवलेला हाताचा इशारा कुणालाच नीट जमत नव्हता.

आईनं वहीचं पान फाडून फ्रिजवर चिकटवलं. एका कामाला एकच शब्द, आणि तो घरातल्या सगळ्यांनी तसाच म्हणायचा. तेव्हा कळलं की आपल्या भाषेत कुत्र्याला शिकवताना कान किती जपावा लागतो. 'बस' ठरवलं, तर जेवताना कुणी भात वाढायला लागलं आणि पाहुणा "बस, बस" म्हणाला, की टेबलाखाली खंड्या आज्ञाधारकपणे बसायचा आणि बक्षिसाची वाट बघत राहायचा. त्याला बक्षीस मिळेना, की शब्दच कच्चा व्हायला लागला. मग आईनं घरात जेवताना 'पुरे' म्हणायचा नियम केला. बोलवायला 'ये' ठेवलं होतं, पण लेक त्याला रागावताना 'ए!' म्हणून ओरडायची. कुत्र्याच्या कानाला दोन्ही सारखंच. बोलावलं की आपल्यावर रागावतात, असा त्याचा समज होत चालला होता, म्हणून तो जवळ येता येता निम्म्यात अडखळायचा. आईनं 'ये' खोडून 'इकडं' लिहिलं. दहा दिवसांत तो 'इकडं' ऐकून कान मागं टाकून धावत यायला लागला.

पट्टा ओढण्यावर आईचा उपाय सगळ्यात साधा आणि सगळ्यात अवघड. कुत्र्यांच्या शाळेतल्या बाईंनीही तोच सांगितला होता, पण आमच्याकडं तेवढा धीर नव्हता. पट्टा ताणला की थांबायचं. बोलायचं नाही, मागं खेचायचं नाही. खंड्या पुढं झोंबायचा, वळून बघायचा, मग एक पाऊल मागं यायचा आणि पट्ट्याला झोळ पडायचा. त्याच क्षणी आईच्या हातातून ज्वारीच्या दाण्याएवढा पनीरचा तुकडा. एक क्षण उशीर झाला तर तो तुकडा कशाबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही, म्हणून ती तो आधीच चिमटीत धरून ठेवायची. पहिल्या दिवशी घरापासून कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जायला तिला ४० मिनिटं लागली. जूनच्या शेवटी दोघं सहा मिनिटांत जात होती.

मधे एक वाईट दिवस आला. आईनं प्रसादाचा शिरा केला, साताऱ्याहून आणलेले तासगावचे बेदाणे सढळ हातानं घालून. लेकीच्या वाटीतला शिरा खंड्यानं चाटून साफ केला. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्यावर होईल याचा अंदाज बांधता येत नाही, हे मी त्या लेखी परीक्षेसाठी वाचलेलं होतं. अर्ध्या तासात आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडं होतो. त्यांनी सुई टोचून ओकारी करवली, बेदाणे जवळजवळ सगळे बाहेर आले, दोन दिवस रक्त तपासलं. तो वाचला. आई त्या रात्री जेवली नाही, त्याच्या चटईशेजारी बसून राहिली. सकाळी फ्रिजवर दुसरं पान लागलं: बेदाणे, द्राक्षं, कांदा, लसूण, चॉकलेट नाही. आपल्या सांगली-साताऱ्याकडं बेदाणा घराघरात असतो आणि लाडानं कुत्र्यालाही दिला जातो, म्हणून कळकळीनं लिहिते, देऊ नका.

जुलैत खंड्याची आणि माझी प्रात्यक्षिक परीक्षा झाली. गर्दीतून चालणं, सायकलवाला जवळून गेला तरी शांत राहणं, हाकेला येणं. सायकल आली तेव्हा माझाच श्वास अडकला होता. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. पास झालो. पक्ष्यांच्या विणीच्या हंगामामुळं इथं रानात १ एप्रिल ते १५ जुलै कुत्रं मोकळं सोडता येत नाही. १६ तारखेला सकाळी आईच्या समोरच पहिल्यांदा लांब दोरी काढली. तो ससाण्यासारखा सुटला, आणि आईनं एकदाच म्हटलं, "खंड्या, इकडं."

ऑगस्टमध्ये आई परत गेली. दादाच्या गल्लीत एक वर्षभराचं तांबडं कुत्रं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर उड्या मारणारं. लोक त्याला दगड मारायचे. आईनं दादाला ते घरी आणायला लावलं. रेबीजची लस झाली, नसबंदी झाली, आणि तिकडच्या फ्रिजवरही तसंच पान लागलं. काट्याच्या पट्ट्याचा विषय दादानं पुन्हा काढला नाही. आता रोज सकाळी सहाला आई त्याला घेऊन साताऱ्यातल्या 'चार भिंती' या स्मारकाच्या वाटेनं निघते. अजून दहा पावलं झाली की थांबावं लागतं. फिरायला आलेले तिचे जुने विद्यार्थी, आता केस पिकलेले, काळजीनं विचारतात, "बाई, बरं वाटत नाही का? का थांबलात?" आई सांगते, "काही नाही रे, पट्टा सैल व्हायची वाट बघतेय."