नाथसागरातलं धुकं, रडार आणि थर्माकोलचे चप्पू

जानेवारीतल्या सकाळी मामांच्या फायबरच्या बोटीतून नाथसागरातून, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयातून, पैठणहून कायगाव टोक्याकडे निघालो. धुकं असं की दहा किलोमीटर लांबीची धरणाची भिंतसुद्धा गायब. रडारच्या पडद्यावर मात्र तिची ठसठशीत रेघ. मामा मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेत, हौसेनं छोटं डोम रडार बसवलंय. त्याच्या लहरींना धुक्याचं वावडं नाही. जोराचा पाऊस मात्र पडदा भरून टाकतो.

इथली खरी काळजी चप्पूंची, म्हणजे छोट्या तराफ्यांची. मासेमार थर्माकोलच्या चप्पूवर बसून जाळी टाकतात आणि थर्माकोलमधून रडारची लहर जवळपास आरपार जाते. दिसला तर वर बसलेल्या माणसाचा पुसट ठिपका, तोही रडारच्या अँटेनाच्या दर फेरीला नाही. एका दादांनी जवळ येऊन विचारलं, “त्या टीव्हीत म्या दिसायलो का?” मामा म्हणाले, “मधून मधून. चप्पूवर पत्रा लावा की.” पत्र्याचे तीन तुकडे एकमेकांना काटकोनात जोडून उंच बांधले की लहर आल्या वाटेनं परत फिरते. डबा टांगून तेवढं काम होत नाही.

धुक्यात रेंज, म्हणजे पडद्यावर किती लांबपर्यंतचं दिसावं ते, पाव ते अर्धा सागरी मैल ठेवा (1 सागरी मैल म्हणजे 1.85 किमी), अधूनमधून वाढवून लांबचंही बघा. ठिपका जवळ येतोय आणि त्याची दिशा तीच राहतेय, म्हणजे तो अंगावरच येतोय, वेळीच वळा. आम्हाला असा एक पुंजका दिसला, तो निघाला पक्ष्यांचा थवा! वेग बेताचाच हवा, आणि एक माणूस पुढच्या टोकाला कान देऊन बसलेला.

पाण्याखालचं रडारला काहीच कळत नाही. जाळी, झाडांची खोडं, बुडालेल्या गावांचे उंचवटे यांच्यासाठी खोली मोजणारं यंत्र लागतंच. धरण समुद्रसपाटीपासून 1522 फुटांवर, म्हणजे पूर्ण भरलेलं असताना पाहिलेला काठ उन्हाळ्यात भलतीकडेच असतो.

दुपारी वारा सुटला की लाटांचेच ठिपके उठतात. ते घालवायचं बटण शेवटपर्यंत फिरवू नका, लाटांबरोबर चप्पूही पुसले जातील. आम्ही तर वाऱ्याआधीच परतीला लागलो.

नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे वन आणि पाटबंधारे खात्याची परवानगी आधी काढा. पेट्रोल पैठणलाच भरून घ्या.