धणे, पुदिना आणि चारातली एक रोझमेरी

दिवस ०. यंदा तारीख बघून नाही, थर्मामीटर बघून पेरायचं ठरवलंय. मागच्या खेपेला उत्साहाच्या भरात सगळी पाकिटं एकाच दिवशी फोडली होती. ऐन उकाड्यात बेसिल मजेत वाढलं आणि कोथिंबीर वीतभर होते न होते तोच फुलावर आली. दोष बियांचा नव्हता. कोथिंबीर आणि पार्सली थंडाव्यातली पिकं. साधारण १५ ते २५ अंशांत ती खुश असतात. बेसिल उलट उबेचं, रात्री १० अंशांखाली गेल्या की त्याची पानं काळवंडतात. आत्ता रात्री १४ अंश आहे. म्हणून आज धणे, पार्सली आणि थाईम. बेसिलचं पाकीट परत डब्यात.

अख्खा धणा म्हणजे एक बी नव्हे, तर दोन बियांचं फळ. वाटीच्या बुडाखाली हलके रगडून दोन फाका केल्या, रात्रभर भिजवल्या आणि सेंटिमीटरभर खोल, थेट कायमच्या कुंडीत टाकल्या. सोटमूळ असल्याने हे रोप उपटून दुसरीकडे लावलेलं त्याला आवडत नाही. थाईमची बी धुळीएवढी, शिवाय तिला उगवायला उजेड लागतो. ती मातीवर भुरभुरून फक्त बोटाने दाबली.

रोझमेरी बियांपासून करायच्या भानगडीत पडलो नाही. बी उगवायला रडवते, म्हणून १० सेंटिमीटरच्या चार फांद्या जाड वाळू आणि कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) खोचल्या.

दिवस ९. धणे वर! पहिली दोन पानं लांबट, गवतासारखी दिसतात. नवख्यांनी ती तण समजून उपटू नयेत (मी एकदा उपटली आहेत). थाईमचीही हिरवी धूळ दिसतेय. पार्सली ढिम्म.

दिवस १६. थाईमचा निम्मा ट्रे आडवा. काल उभी असलेली रोपं आज बुडाशी दोऱ्यासारखी बारीक होऊन कोलमडलीत. रोपमर. चूक सर्वस्वी माझी: ओल टिकावी म्हणून वर प्लॅस्टिक घातलं आणि उगवण झाल्यावरही काढलं नाही. कोंदट ओलाव्यात पिथियमसारख्या बुरशींना रान मोकळं मिळतं. झाकण काढलं, वरून फवारणं बंद. आता ट्रे पाण्याच्या परातीत दहा मिनिटं ठेवायचा, माती खालून पाणी ओढून घेते. उरलेली वाचतील असं वाटतंय.

दिवस २३. पार्सली अखेर उगवली! तिला तीन-चार आठवडे लागतातच, पण हे ठाऊक असूनही मी दोनदा माती उकरून पाहिली होती. रात्री आता १८ अंशांवर आहेत, तेव्हा आज बेसिल पेरलं.

कोथिंबीर मात्र खिडकीकडे मान टाकून लांबुळकी झालीय. उजेड कमी पडतोय, खत नव्हे. कुंडी जिथे सहा तास ऊन मिळतं तिथे सरकवली.

दिवस ३२. पुदिन्याच्या काड्यांना पाण्यात आठ दिवसांत मुळं फुटली. पेराखाली कापायचं आणि पाण्यात बुडणारी पानं काढून टाकायची, बाकी काही लागत नाही. त्याला स्वतंत्र कुंडी दिलीय. जमिनीलगत धावणाऱ्या खोडांनी तो शेजाऱ्याची जागा गिळतो, त्यामुळे सगळे हर्ब्स एकाच सुंदर लांबट कुंडीत लावलेले फोटो पाहिले की मला धास्तीच वाटते.

दिवस ४८. कोथिंबिरीची पहिली खुडणी. बाहेरच्या काड्या घेतल्या, मधला कोंब ठेवला. रोझमेरीच्या चारातल्या तीन फांद्या काळ्या पडून गेल्या. त्यांची खालची पानं मी वाळूतच गाडली होती, तिथूनच सड लागली. चौथी हलकेच ओढून पाहिली तर ती वाळू धरून राहिली. मुळं आहेत!

दिवस ६१. बेसिलला पानांच्या चार जोड्या आल्या. शेंडा दुसऱ्या जोडीच्या जरा वर खुडला. जिवावर आलं होतं, पण आता पानांच्या बेचक्यांतून दोन फुटवे निघतील आणि झाड उंच जाण्याऐवजी भरेल. खुडलेला शेंडा पाण्यात ठेवलाय, बेसिललाही तशी मुळं फुटतात.

दुपारचा पारा ३१ वर गेलाय. कोथिंबिरीच्या मधल्या कोंबाची पानं बारीक, शेपूसारखी चिरलेली यायला लागलीत, म्हणजे फुलांची तयारी. खुडून ती थांबत नाही. म्हणून एक झाड बियांसाठी सोडलं, बाकीची उद्या कापणार. धण्यांची पुढची फेरी सावलीच्या बाजूला, दुपारचं ऊन टाळून. तिथे ती कितपत तग धरते ते पुढच्या नोंदीत.