डिमिनिश्ड स्केल: बोटांना आलं, कानाला यायला दोन वर्षं लागली

डिमिनिश्ड स्केल मी पहिल्यांदा शिकले तेव्हा दहा मिनिटांत "हात्तिच्या, एवढंच?" असं झालं होतं. आणि मग जवळपास दोन वर्षं मी ते चुकीच्या जागी वाजवत होते. बोटं बरोबर, जागा चूक.

स्केल खरंच सोपं आहे हो. एक पूर्ण अंतर (गिटारच्या दांड्यावरचे दोन खण, म्हणजे दोन फ्रेट), एक अर्धं (एक फ्रेट), परत पूर्ण, परत अर्धं, असं चालत राहायचं, वरच्या सा पर्यंत पोचेस्तोवर सातऐवजी आठ स्वर होतात. गिटारवर तर मज्जाच, कुठलाही तुकडा घ्या, तीन फ्रेट वर सरकवा, अजून तीन सरकवा, सगळं त्याच स्केलमध्ये पडतं. डोकं बंद ठेवूनही वाजवता येतं आणि तिथेच माझी गोची झाली.

एका जॅममध्ये जी सेव्हन कॉर्ड (जी, बी, डी, एफ) चालू होती, पुढे सी मेजर येणार होता, आणि मी मोठ्या ऐटीत जी पासून पूर्ण-अर्धं सुरू केलं. पियानोवाला काही बोलला नाही, हसलाही नाही, त्याने फक्त कॉर्ड्स वाजवणं थांबवलं. (यापेक्षा शिव्या परवडल्या.) नंतर कागदावर स्वर मांडले (फ्लॅट म्हणजे अर्ध्याने खाली, शार्प म्हणजे अर्ध्याने वर): जी, ए, बी फ्लॅट, सी, डी फ्लॅट, ई फ्लॅट, ई, एफ शार्प. आता जी सेव्हनचा सगळा जीव बी आणि एफ या दोन स्वरांत, आणि ते दोन्ही यात नाहीत. डी पण नाही. एफच्या जागी एफ शार्प बोंबलतोय. म्हणजे मी कॉर्डमधलं सगळं चुकवून फक्त जी तेवढा बरोबर वाजवत होते.

मला हे शेवटी सरगममध्ये मांडल्यावर कळलं. पूर्ण अंतराने सुरू केलं तर सा, रे, कोमल ग, शुद्ध म, तीव्र म, कोमल ध, शुद्ध ध, शुद्ध नी. पंचमच नाही! अर्ध्याने सुरू केलं तर सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म, प, शुद्ध ध, कोमल नी. इथे पंचम आहे, दोन्ही गंधार शेजारी शेजारी बसलेत, आणि शुद्ध मध्यम गायब. बिनपंचमाचं ते डिमिनिश्ड सेव्हन कॉर्डवर, पंचमवालं ते डॉमिनंट सेव्हनवर, म्हणजे जी सेव्हनसारख्या कॉर्डवर. तानपुऱ्याचं ॲप लावून दोन्ही हळूहळू गाऊन बघा, पुस्तकातल्या कोष्टकापेक्षा पटकन डोक्यात बसतं.

पण नुसतं पाठ करूनही भागत नाही, कारण खरी गंमत कॉर्डमध्ये आहे. बी, डी, एफ, ए फ्लॅट ही बी डिमिनिश्ड सेव्हन. चारही स्वर एकमेकांपासून सारख्या अंतरावर, म्हणून यातल्या कुठल्याही स्वराला मूळ म्हणा, कॉर्ड तीच. आता यातला एकच स्वर अर्ध्याने खाली उतरवा. ए फ्लॅट उतरवला की जी सेव्हन. बी उतरवला की बी फ्लॅट सेव्हन. डी उतरवला की डी फ्लॅट सेव्हन. एफ उतरवला की ई सेव्हन. एका कॉर्डच्या पोटात चार डॉमिनंट! आणि त्या चौघांची मुळं, जी, बी फ्लॅट, डी फ्लॅट आणि ई, ती मिळून पुन्हा एक डिमिनिश्ड सेव्हनच होते. त्या दोन्ही कॉर्ड्स एकत्र करा, आठ स्वर, झालं तुमचं स्केल. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी गिटार खाली ठेवून नुसती बसून राहिले होते.

त्यामुळे बाकीच्या गोष्टी आपोआप सुटतात. बारा सुरांत असे चार स्वरांचे गट फक्त तीनच निघतात, म्हणून स्केलही तीनच, बारा नाहीत. जी सेव्हनच्या जागी डी फ्लॅट सेव्हन का चालतो, ज्याला ट्रायटोन सबस्टिट्यूशन म्हणतात, ते याच कुटुंबातलं नातं. फ्रेंच संगीतकार मेसियाँने १९४४ साली आपल्या स्वररचनांची यादी मांडली त्यात हे स्केल दुसऱ्या क्रमांकाला आहे, आणि जॅझवाल्यांच्या आधी रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हने ते एवढं वापरलं की त्याच्या नावानेही ओळखतात. थोडक्यात, हे जॅझचं स्वतःचं अपत्य नाही, पण जॅझने त्याला डॉमिनंटवर बसवून कामाला लावलं.

वाजवताना मी आता स्केल म्हणून विचारच करत नाही, ट्रायड्स, म्हणजे तीन स्वरांच्या कॉर्ड्स, म्हणून करते. जी वरच्या अर्धं-पूर्ण स्केलमध्ये जी, बी फ्लॅट, डी फ्लॅट आणि ई असे चार मेजर ट्रायड मिळतात. जी सेव्हनवर ई मेजर वाजवा: ई म्हणजे जी पासून मोजून तेरावा (सातानंतर मोजणी वरच्या सप्तकात जाते), जी शार्प म्हणजे फ्लॅट नाइन, बी म्हणजे तिसरा. तोच तो गोड आणि कडू एकदम लागणारा थर्टीन फ्लॅट नाइनचा आवाज. बी फ्लॅट ट्रायडने शार्प नाइन येतो, डी फ्लॅटने शार्प इलेव्हन आणि फ्लॅट नाइन. आठ स्वर खालून वर खाजवत जाण्यापेक्षा हे कितीतरी गाण्यासारखं वाटतं. आणि शेवट महत्त्वाचा, ए फ्लॅटवरून जी वर, एफवरून ई वर, बी वरून सी वर असं अर्ध्या अंतराने सरकून सी मेजरमध्ये उतरलं की आधी काहीही विचित्र केलं असेल तरी कान माफ करतो. उतरलाच नाहीत तर तो सायरन आहे, सोलो नाही.

एक जागा मात्र सांभाळा. पुढे सी मायनर येणार असेल तर यातला शुद्ध ई आधीच गुपित फोडतो, मेजर येतोय असं वाटायला लावतो आणि मग मायनर येतो. मुद्दाम फसवायचं असेल तर ठीक, नाहीतर मी तिथे हार्मोनिक मायनर किंवा ऑल्टर्ड ही दुसरी स्केल्स वापरते. तसंच सी, मग सी शार्प डिमिनिश्ड, मग डी मायनर अशी चाल जुन्या स्टँडर्ड्समध्ये, म्हणजे जॅझवाले सगळे वाजवतात त्या गाण्यांत, सारखी येते. तिथली डिमिनिश्ड म्हणजे मूळ लपवलेला ए सेव्हन फ्लॅट नाइन. तिथे आठही स्वर ओतायला परवानगी आहे, पण डी हार्मोनिक मायनर जास्त गाण्यातलं वाटतं, असं माझं मत, भांडायला हरकत नाही.

आणि हो, जॅझ पियानिस्ट बॅरी हॅरिसचं सिक्स्थ डिमिनिश्ड स्केल वेगळं आहे बरं का, नावावर जाऊ नका. त्यात सी सिक्स्थ (सी, ई, जी, ए) आणि बी डिमिनिश्ड यांचे स्वर एकाआड एक येतात, स्वर तिथेही आठच, पण ते एकसारख्या अंतराचं नाही, म्हणून तीन फ्रेटची युक्ती तिथे लागूच होत नाही. मी ती लावून बघितली होती. त्या जॅममध्ये नाही, नशीब, घरी एकटी असताना.

सध्या मी स्वतःला एक बंदी घातलीय, एक तुकडा दोनदाच तीन फ्रेटने सरकवायचा, तिसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा उतरायचंच. अजून चार वेळा सरकतोच.