विहिरीतला पांढरा दगड

अमृत महोत्सवी स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा शाळेविषयी पुष्कळ लिहिता येईल असे वाटले होते. प्रत्यक्षात कागद पुढे ओढल्यावर सातवीतला विज्ञानाचा तास आणि सर, यांखेरीज काही सुचेना. सरांचे नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या काळी नुसते ‘सर’ म्हटले की कोणते, हे कोणी विचारीत नसे. इतर शिक्षकांना त्याचे वाईट वाटत असावे, पण त्याला इलाज नव्हता.

१९७२ च्या दुष्काळात शाळेमागची विहीर खोल करण्याचे काम निघाले. वरचा मुरूम आणि काळा पाषाण फोडून झाल्यावर खाली मांजऱ्या, म्हणजे पोकळ्यापोकळ्यांचा खडक, लागला आणि त्याच्या पोकळ्यांतून मोत्यासारखी झाक असलेले पांढरे खडे निघू लागले. मधल्या सुट्टीत ते गोळा करून आम्ही खिसे भरत असू. वर्गात तेव्हा खडकांचा धडा चालू होता. अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित हे तीन प्रकार सरांनी दोन तासांत आटोपले, मग विहिरीतला एक खडा टेबलावर ठेवला आणि हे काय आहे, एवढेच विचारले. कोणी तुरटी म्हणाले, कोणी गारगोटी, आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने चुनखडी म्हणालो. सरांनी तिन्ही उत्तरे फळ्यावर लिहिली व प्रत्येकापुढे एक प्रश्न घातला: हे खरे असेल, तर काय घडलेले दिसले पाहिजे? तुरटी असेल तर पाण्यात विरघळेल, गारगोटी असेल तर काचेवर ओरखडा उठेल आणि चुनखडी असेल तर आम्लाचा थेंब पडताच फसफसेल. त्यानंतरचे चार-पाच तास आम्ही पुस्तक उघडले नाही.

खडा रात्रभर पाण्यात राहिला आणि तसाच निघाला. काचेवर ओरखडा उठला नाही. राहिली माझी चुनखडी. वरच्या वर्गांच्या प्रयोगशाळेतून आणलेले पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल सरांनी स्वतः खड्यावर सोडले. काहीही झाले नाही, आणि मी वहीत लिहिले, ‘थोडा फेस आला.’ सरांनी वही पाहिली. ओरडले नाहीत, छडीकडेही हात गेला नाही. “हे डोळ्यांनी पाहिलेस की हट्टाने?” एवढे विचारून त्यांनी तोच प्रयोग माझ्यासमोर पुन्हा केला आणि चुकीची ओळ खोडून न टाकता तिच्याखाली नवे निरीक्षण लिहायला लावले. निरीक्षणाच्या वहीला रबर लावायचा नाही, हा त्यांचा नियम त्या दिवशी मला कळला.

तिन्ही अंदाज पडले. मग सरांनी खड्याचे तुकडे परीक्षानळीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर तापवले, तेव्हा नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे बारीक थेंब जमले. दगडातून पाणी निघाले म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या. एवढ्यात मागच्या बाकावरची, विहिरीच्याच कामावरील एका मजुराची मुलगी उठून म्हणाली, “सर, दगड विहिरीतला आहे. ओला असणारच.” सरांना झालेला आनंद आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. खडे आठ दिवस उन्हात वाळवण्यात आले. नंतर तीन नळ्या तापवल्या: एक रिकामी, दुसरीत त्याच विहिरीतला, तितकाच वाळवलेला काळा पाषाण आणि तिसरीत पांढरा खडा. थेंब फक्त तिसऱ्या नळीत आले. निष्कर्ष म्हणून सरांनी सांगितलेले वाक्य माझ्या वहीत होते: ‘या दगडात उन्हाने न जाणारे, परंतु तापवल्यावर निघणारे पाणी आहे.’ दगडाचे नाव विचारल्यावर ते म्हणाले, “मला माहीत नाही. तसे लिहा.” शिक्षकाने सांगितल्यावरून ‘माहीत नाही’ असे वहीत लिहिण्याचा माझ्या आयुष्यातला तो पहिला प्रसंग. माझ्या नातवाच्या प्रयोगवहीत निष्कर्ष आधीच छापलेले असतात आणि त्याला फक्त गाळलेल्या जागा भराव्या लागतात, ही गोष्ट मला अजून पचनी पडलेली नाही.

पुढे मी भूशास्त्र घेतले, भूजल सर्वेक्षणात नोकरी केली आणि निरीक्षण विहिरींतील पाण्याची पातळी वर्षातून चार वेळा मोजून नोंदवण्यात उमेदीची वर्षे घालवली. कोरडी विहीर कोरडीच लिहायची, हे मला तिथे कोणी शिकवावे लागले नाही. महाविद्यालयात असताना ग्रंथालयात वाचले, की क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने १७५६ साली तापवताच बुडबुडे येऊन फुगणारे एक खनिज पाहिले आणि त्या गटाला झिओलाइट, म्हणजे ‘उकळणारा दगड’, असे ग्रीक शब्दांवरून नाव दिले. आपल्या दख्खनच्या लाव्हातील वायूंच्या पोकळ्यांत गरम पाणी खेळल्याने ही खनिजे साठली. मोत्याची झाक, आम्लाला दाद न देणे, तापवल्यावर पाणी सोडणे, सगळे जुळत होते. मी त्याच रात्री सरांना पत्र लिहिले, की आपला दगड स्टिल्बाइट, म्हणजे याच गटातले एक खनिज, होता.

आठवड्याने पोस्टकार्ड आले. अक्षर तेच, तिरके. “पत्र मिळाले. आनंद झाला. झिओलाइट असावा, हे पटते. परंतु त्या गटातील सर्वच खनिजे पाणी सोडत असतील, तर आपला खडा स्टिल्बाइटच, हे कशावरून? पडताळा पाहून कळवावे.”

पडताळा पाहण्यासाठी खडा हवा होता. सुट्टीत शाळेत आलो, तर विज्ञानाचे कपाट नव्या इमारतीत हलवताना ‘दगडगोटे’ म्हणून ते सारे फेकून दिल्याचे कळले. माझ्या खिशातले आईने कधीच बाहेर भिरकावले होते. विहिरीवर आज स्लॅब आहे. सरांना मी त्या पोस्टकार्डाचे उत्तर पाठवू शकलो नाही, आणि आता ते नाहीत.

त्या तुकडीतील कोणाच्या घरी, जुन्या कंपासपेटीत किंवा देव्हाऱ्यामागे, तो पांढरा खडा अजून असेल, तर त्याने महोत्सवाला येताना तो कृपया बरोबर आणावा. नखाएवढा तुकडा पुरेल.